बाइकवाल्यांचा आणि रॉकवाल्यांचा क्रॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या जॅकेटवर किंवा गळ्यात क्रॉस दिसला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. घरचे विचारतात, "धर्म बदललास की काय?" आणि इतिहास वाचलेला मित्र विचारतो, "हे नाझींचं ना रे?" दोघांनाही एका दमात उत्तर देता येत नाही, कारण क्रॉस एक नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची कुळकथा वेगळी आहे. रायडिंग करणारे, मेटल ऐकणारे आणि त्यांचे आईबाप, अशा तिघांच्याही शंका इथे एकत्र घेतल्या आहेत.

बाइकवर दिसतो तो येशूचा क्रूसच ना?

बहुतेक वेळा नाही. चर्चवर असतो तो लॅटिन क्रॉस: उभा दांडा लांब, आडवा आखूड. बुलेटच्या साइड पॅनेलवर, हेल्मेटवर, बेल्टच्या बकलवर जो दिसतो त्याचे चारही हात सारखे आणि मधून बाहेर जाताना रुंद होत गेलेले असतात. तो लष्करी पदकांच्या घराण्यातला. रॉकवाल्यांकडे मात्र अस्सल लॅटिन क्रॉसही भरपूर सापडतो, कधी सुलटा, कधी उलटा.

म्हणून आधी आकार बघायचा आणि मग त्याच्या शेजारी काय आहे ते. शेजारी कवटी, ज्वाळा, पिस्टन असतील तर मामला हौसेचा आहे. शेजारी विजेसारख्या दोन रेघा किंवा 88 हा आकडा असेल तर तिथून निघालेलं बरं. का, ते पुढे येतंच.

हा रुंद हातांचा काळा क्रॉस मुळात कुणाचा?

प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाचा. हा आयर्न क्रॉस. नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटलं तेव्हा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने 1813 साली हे पदक सुरू केलं. त्यावर तारीख घातली 10 मार्च, म्हणजे तीन वर्षांपूर्वी वारलेल्या राणी लुईझेचा जन्मदिवस. राजाच्या रेखाटनावरून पक्कं डिझाइन केलं ते कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुविशारदाने. आकाराची प्रेरणा मध्ययुगातल्या ट्यूटॉनिक या जर्मन धर्मयोद्ध्या सरदारांच्या पांढऱ्या झग्यावरच्या काळ्या क्रॉसची.

पदक लोखंडाचं का? एक तर तिजोरीत खडखडाट होता. युद्धासाठी सोन्याचे दागिने द्या आणि बदल्यात लोखंडाचे घ्या, असं आवाहन बायकांना केलं गेलं आणि लोखंडी अंगठी बोटात असणं मानाचं झालं. त्याच वाऱ्यात हे पदक जन्माला आलं: मध्ये काळं ओतीव लोखंड, भोवती चांदीची बारीक चौकट, बस्स. दुसरी आणि त्या काळात जास्त धक्कादायक गोष्ट अशी, की ते कुठल्याही हुद्द्याच्या माणसाला मिळू शकत होतं. जहागीरदाराचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा, दोघांना एकच पदक. सरंजामी प्रशियात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे 1870 साली फ्रान्सविरुद्धच्या युद्धात आणि 1914 साली पहिल्या महायुद्धात हे पदक पुन्हा सुरू केलं गेलं. पहिल्या महायुद्धात तर ते इतकं वाटलं की दुसऱ्या श्रेणीच्या पदकांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग फाटकावर चार घोड्यांचा रथ आहे ना, त्यातल्या देवीच्या हातच्या काठीवरही हाच क्रॉस आहे.

पण तो हिटलरचाच म्हणून ओळखला जातो त्याचं काय?

1 सप्टेंबर 1939 ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, हिटलरने पदक पुन्हा सुरू केलं आणि मधोमध नाझी स्वस्तिक बसवलं. डाग लागला तो तेव्हा.

यातला एक पेच मात्र सांगायलाच हवा. स्वतः हिटलरला पहिल्या महायुद्धात दोन्ही श्रेणींचे आयर्न क्रॉस मिळाले होते, आणि 1918 सालच्या पहिल्या श्रेणीच्या पदकासाठी त्याची शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमान हा ज्यू होता. त्या युद्धात जर्मनीकडून लढलेल्या हजारो ज्यू सैनिकांच्या छातीवर हेच पदक होतं. वीस वर्षांनी त्या पदकाने त्यांना वाचवलं नाही. गुटमानला अखेर देश सोडून अमेरिकेत जावं लागलं.

आजच्या जर्मन सैन्याच्या विमानांवर आणि गाड्यांवर 1956 पासून स्वस्तिक नसलेला क्रॉसच आहे. ज्यांना दुसऱ्या महायुद्धात पदक मिळालं होतं त्यांच्यासाठी 1957 मध्ये कायदा झाला: घाला, पण स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं असलेली आवृत्ती घाला. 2008 मध्ये शौर्यासाठी नवं पदक काढताना मात्र जुनं नाव आणि जुना आकार, दोन्ही टाळले. थोडक्यात, जर्मनांनाही त्याचं काय करायचं ते एकदाचं ठरवता आलेलं नाही.

जर्मनांना हरवून आलेल्या अमेरिकनांनी जर्मन पदक गळ्यात का घातलं?

हरवून आले म्हणूनच. युरोपातून परतणाऱ्या सैनिकांच्या पिशव्यांत हेल्मेटं, खंजीर, पदकं अशी लूट होती. शत्रूच्या छातीवरचं पदक आपल्या जॅकेटवर लावणं ही पहिल्या पिढीची फुशारकी होती. त्यातल्या काहींचं मन घरी, नोकरीत रमेना. त्यांनी सैन्याच्या मोडीत निघालेल्या आणि जुन्या बाजारातल्या स्वस्त मोटरसायकली घेतल्या, अनावश्यक पत्रा कापून टाकला आणि टोळ्या करून फिरायला लागले. जुलै 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी मोटरसायकल मेळाव्यात दंगा झाला आणि त्याची बातमी देशभर रंगवून छापली गेली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात हेल्स एंजल्स हा बाइकवाल्यांचा क्लब सुरू झाला.

दुसऱ्या पिढीने युद्ध पाहिलेलंच नव्हतं. त्यांना त्या क्रॉसचा उपयोग एवढाच होता, की तो पाहून सभ्य शेजारी दचकतो. बापाच्या वयाची माणसं ज्यांच्याशी लढली त्यांचं चिन्ह पोराने मिरवलं की घरात भांडण नक्की. यात खरोखरच वंशद्वेष्टे नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल, होतेच. पण बहुतेकांना राजकारणापेक्षा समोरच्याचा चेहरा बघण्यात रस होता.

तिसऱ्या टप्प्यात दुकान आलं, आणि माझ्या मते आजचा क्रॉस मुख्यतः या दुकानाचा वारस आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यावर लॉस एंजेलिस परिसरात एड 'बिग डॅडी' रॉथ हा माणूस भन्नाट गाड्या बनवायचा आणि उंदराची चित्रं छापलेले टीशर्ट विकायचा. त्याने स्वस्तातले आयर्न क्रॉस आणि प्लास्टिकची जर्मन हेल्मेटं बाजारात आणली. ते 'सर्फर्स क्रॉस' नावाने समुद्रावरच्या पोरांत पसरले. समुद्रावरून स्केटबोर्डवाल्यांकडे, चॉपर (कापून-छाटून मनासारखी घडवलेली बाइक) बनवणाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये आणि शेवटी लाँग बीचच्या वेस्ट कोस्ट चॉपर्सच्या लोगोत. टीव्हीवर त्यांच्या जेसी जेम्सला वेल्डिंग करताना बघून आपल्याकडच्या कित्येकांनी तो स्टिकर टाकीवर लावला. राजा फ्रीडरिश विल्हेल्मशी त्यांचा संबंध शून्य.

चॉपरच्या मागच्या दिव्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. तो हाच?

दुकानदार दोन्हींना एकच नाव लावतात, पण नाही. खऱ्या माल्टीज क्रॉसला आठ टोकं असतात: प्रत्येक हाताचा बाहेरचा कडेचा भाग आत खचलेला, चार बाणांची टोकं मध्यावर भेटल्यासारखी. तो हॉस्पिटलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाचा, ज्याला 1530 मध्ये माल्टा बेट मिळालं. 'माल्टीज क्रॉस टेल लॅम्प' म्हणून जी लाल काच आणि क्रोमचं कडं विकतात, तिच्या कडा नीट बघा: खाच नाही, आठ टोकं नाहीत. तो आयर्न क्रॉसचाच आकार असतो. नाव बदललं की गिऱ्हाईक बिचकत नाही, एवढंच त्यातलं गणित.

आणि हा रुंद हातांचा आकार जर्मनांची मक्तेदारीही नाही. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस (1856) त्याच घराण्यातला आहे, फक्त कांस्याचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना दुसऱ्या महायुद्धात तो मिळाला, दोघांनाही इटलीत जर्मनांशी लढताना: यशवंत घाडगे (जुलै 1944, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (एप्रिल 1945). घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. मुंबई-गोवा हायवेने बाइकवर जात असाल तर माणगावात त्यांचा पुतळा आहे. वडापावसाठी नाहीतरी थांबताच, तोही बघून या.

रॉकमध्ये क्रॉस सुरू कुणी केला? ब्लॅक सॅबथनेच ना?

क्रॉसचं लॉकेट आधीही लोक घालत होते, पण हेवी मेटलचा गणवेश म्हणून तो रूढ झाला तो बर्मिंगहॅमच्या या चौघांमुळे. आणि तोही कसा, ते मजेदार आहे.

त्यांचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला, शुक्रवारी. कव्हरवर जुन्या पाणचक्कीसमोर काळ्या झग्यातली बाई. कव्हर उघडलं की आत मोठा उलटा क्रॉस आणि त्यात छापलेली एक कविता. बँडला यातलं काही माहीत नव्हतं. रेकॉर्ड कंपनीच्या डिझाइनवाल्यांनी परस्पर छापलं होतं. रेकॉर्ड बाहेर पडली आणि सैतानाचे पुजारी मागे लागले, चर्चवाले शिव्या घालू लागले. बँडमधली मंडळी स्वतः सांगायची ती गोष्ट अशी, की चेटूकवाल्यांच्या एका कार्यक्रमात वाजवायला नकार दिला म्हणून त्यांना शाप दिला गेला. आता घाबरायचं की हसायचं? गीतं लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला. त्याने काही काळ घर काळं रंगवून उलटे क्रॉस लावले होते. मग एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसली आणि त्याने तो नाद सोडला. असा माणूस शापाला हसणार नाही.

तेव्हा मदतीला आले बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न याचे वडील जॅक. ते कारखान्यात टूलमेकर होते. त्यांनी ॲल्युमिनियमचे क्रॉस बनवून चौघांना दिले, संरक्षण म्हणून. सुलटे क्रॉस. जुने फोटो काढून बघा: गिटारवादक टोनी आयोमीच्या छातीवर तो जाड, साधा, कसलीही नक्षी नसलेला क्रॉस दिसेल. सोनाराच्या हातची कोवळीक त्यात नाही. नंतर आयोमीच्या गिटारच्या पट्टीवर, जिथे एरवी ठिपके असतात, तिथेही क्रॉस आले. जॉन डिगिन्सने बनवलेली त्याची 'ओल्ड बॉय' गिटार त्यासाठी प्रसिद्ध आहे.

म्हणजे ज्या क्रॉसकडे बघून जगाने यांना सैतानी म्हटलं, तो सैतानापासून वाचण्यासाठी बापाने कारखान्यात घडवलेला ताईत होता. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि 22 जुलैला ऑझी गेला. गळ्यात क्रॉस शेवटपर्यंत असायचा.

उलटा क्रॉस म्हणजे सैतान, बरोबर?

चर्चमध्ये विचाराल तर तो संत पीटरचा क्रॉस. परंपरा अशी, की रोममध्ये पीटरला क्रूसावर चढवायला नेलं तेव्हा तो म्हणाला, गुरूसारखं मरण्याची माझी लायकी नाही, मला उलटा टांगा. मार्च 2000 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल इस्राएलमध्ये ज्या खुर्चीवर बसले तिच्या पाठीवर उलटा क्रॉस होता. पोप पीटरचे वारसदार मानले जातात, त्यामुळे त्यात गैर काहीच नव्हतं. पण तो फोटो 'पोपच सैतानी' म्हणून अजून व्हॉट्सॲपवर फिरतो.

सैतानी अर्थ मुख्यतः विसाव्या शतकात, भयपटांमुळे घट्ट झाला. संगीतात तो मुद्दाम उचलला न्यूकॅसलच्या व्हेनम बँडने. त्यांच्या 1982 च्या 'ब्लॅक मेटल' या अल्बमच्या नावावरूनच पुढे एक प्रकार ओळखला गेला. व्हेनमसाठी तो बराचसा तमाशा होता. डायसाइड बँडच्या ग्लेन बेंटनने कपाळावर उलट्या क्रॉसचा डाग दिला, तो तमाशाच्या पुढचा टप्पा. आणि नॉर्वेत काही पोरांनी गंमत उरूच दिली नाही: 6 जून 1992 ला बर्गेनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, मागोमाग इतर चर्चही. 1993 मध्ये मेहेम बँडच्या युरोनिमसचा खून झाला आणि त्यासाठी त्याच वर्तुळातल्या वर्ग विकर्नेस या संगीतकाराला 21 वर्षांची शिक्षा झाली.

आता स्वीडनच्या घोस्ट बँडने उलट्या क्रॉसला इंग्रजी जी अक्षराचं वळण देऊन आपला लोगो केला आहे आणि त्यांचा गायक पोपच्या वेषात येतो. पुन्हा तमाशा, पण देखणा.

लेमी आयर्न क्रॉस घालायचा. तो नाझी होता का?

मोटरहेड बँडचा लेमी किल्मिस्टर (1945–2015) नाझी काळातल्या वस्तूंचा अट्टल संग्राहक होता. खंजीर, पदकं, गणवेश, सगळं. त्याचं म्हणणं, खलनायकांचे कपडे नेहमीच जास्त देखणे असतात, त्याला मी काय करू. वंशद्वेषाचा आरोप तो साफ फेटाळायचा. मला तो नाझी वाटत नाही. पण 'मला फक्त डिझाइन आवडतं' हे उत्तर पुरेसं आहे असंही वाटत नाही. ज्यांचे आजीआजोबा छळछावणीत गेले त्यांच्यासमोर ते फार तोकडं पडतं.

स्लेअर बँडचा गिटारवादक जेफ हॅनमन याचं वेगळं. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढले होते आणि त्यांनी आणलेली जर्मन पदकं त्याला घरातच मिळाली. संग्रह तिथून वाढला. 2012 मध्ये स्लेअर बेंगळुरूला आले तेव्हा पुण्या-मुंबईची बरीच मंडळी गाडी पकडून गेली होती, पण आजारपणामुळे हॅनमन त्यात नव्हता. पुढच्या वर्षी तो वारलाच.

पंकवाले तर चक्क स्वस्तिक घालायचे?

हो, 1976-77 च्या लंडनमध्ये. सूझी सू आणि सिड व्हिशस यांनी ते घातलं. व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेनच्या दुकानातल्या 'डिस्ट्रॉय' शर्टावर नाझी स्वस्तिक, उलटा टांगलेला येशू आणि राणीचं डोकं असलेलं टपाल तिकीट, असं तिन्ही एकदम होतं. आधीच्या पिढीला जे जे पवित्र आणि जे जे भयंकर, ते सगळं एका कपड्यावर. पुढे खरे नाझी स्किनहेड मैफलींत घुसायला लागले तेव्हा बऱ्याच पंक बँडना आपण त्यांचे नाही हे ओरडून सांगावं लागलं.

श्रद्धेने क्रॉस लावणारे बाइकर असतात का?

कितीतरी. लंडनच्या हॅकनी विक भागात चर्च ऑफ इंग्लंडने 1959 मध्ये तरुणांचा '59 क्लब' काढला. तिथले फादर बिल शेरगोल्ड स्वतः ट्रायम्फ चालवायचे. एस कॅफे या बाइकवाल्यांच्या अड्ड्यावर जमणाऱ्या चामडी जॅकेटवाल्या पोरांना, ज्यांना पोलीस आणि वर्तमानपत्रं गुंड म्हणत होते, त्यांनी 1962 मध्ये प्रार्थनेला बोलावलं आणि पोरं खरंच आली. क्लबमध्ये मोटरसायकल विभाग सुरू झाला. अमेरिकेत 1975 पासून ख्रिश्चन मोटरसायकलिस्ट्स असोसिएशन आहे, ऑस्ट्रेलियात गॉड्स स्क्वॉड.

रॉकमध्ये स्ट्रायपर हा ख्रिस्ती बँड पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे घालून प्रेक्षकांत बायबल फेकायचा. आणि स्लेअरचा गायक टॉम अराया कॅथलिक आहे, उलट्या क्रॉसखाली उभा राहून गायचा तरी. त्याने ते कसं जमवलं ते त्याचं तोच जाणे.

चांदीचे जाडजूड, नक्षीदार क्रॉस कुठून आले?

क्रोम हार्ट्स. 1988 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं, बाइकवाल्यांसाठी चामड्याचे कपडे आणि त्यावर चांदीची बटणं म्हणून. रॉकवाल्यांनी उचललं, मग हिपहॉपवाल्यांनी. आपल्या फुटपाथवर दीडशे-दोनशेला मिळतात त्या बहुतेक त्याच्याच नकला.

यातला कुठला क्रॉस सरळ टाळावा?

वर्तुळातला, सारख्या आखूड हातांचा, सपाट केल्टिक क्रॉस. आयर्लंडच्या कबरींवरचा उंच, नक्षीदार दगडी केल्टिक क्रॉस निर्मळ आहे. पण हा छाटलेला आकार गोऱ्यांच्या वर्चस्ववादी टोळ्यांनी जगभर वापरला आहे. आयर्न क्रॉसही शेजारच्या खुणांवरून ओळखा. 88 म्हणजे इंग्रजीतलं आठवं अक्षर दोनदा, अर्थात 'हाइल हिटलर'. विजेच्या जोड रेघा म्हणजे एसएस, हिटलरचं कुप्रसिद्ध सशस्त्र दल. ऑनलाइन पॅच मागवताना पाच-सहांच्या संचात हे सर्रास मिसळलेले असतात. उरलेले चार कितीही छान असले तरी ते दोन कात्रीने कापून टाका.

आपल्याकडे घातला तर कुणी काही म्हणेल का?

आयर्न क्रॉसला कुणी विचारतही नाही. उलट्या क्रॉसचं मात्र भान ठेवा. वसईत, वांद्र्यात, गोव्यात रस्त्याकडेला क्रॉस उभे आहेत, लोक तिथे मेणबत्ती लावतात, हार घालतात. वांद्रे आणि गिरगावातले काही तर 1896 च्या प्लेगच्या साथीत उभारलेले. अशा क्रॉसवर पाय ठेवून फोटो काढणं, स्टिकर चिकटवणं हा बंडखोरपणा नव्हे, मवालीपणा आहे. मुद्दाम, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आहे. बँडचा टीशर्ट घालून फिरल्याने ते लागत नाही, पण 2013 पासून गोव्यात इंडिया बाइक वीक हा बाइकवाल्यांचा मेळा भरू लागल्यावर आपले लोक तिकडे झुंडीने जाऊ लागले, म्हणून सांगितलं.

नोकरीसाठी जर्मनीत आहे. जॅकेट तिथे चालेल?

स्वस्तिक नसलेला आयर्न क्रॉस बेकायदा नाही. स्वस्तिक असलेलं 1939 चं पदक किंवा त्याची नक्कल उघडपणे मिरवणं हा दंडसंहितेच्या कलम 86ए खाली गुन्हा आहे. आपलं पूजेतलं स्वस्तिक त्या कायद्याचं लक्ष्य नाही. पण काळ्या चामड्यावर, कवटीच्या बाजूला ते शिवलंत तर गणपतीचं आहे म्हणून कुणी ऐकून घेणार नाही. आणि हेल्स एंजल्ससारख्या क्लबची चिन्हं तर 2017 पासून तिथे जाहीरपणे घालता येत नाहीत.

पाठीवर तीन तुकड्यांचा पॅच शिवू का? मधे क्रॉस, वर नाव, खाली गाव?

स्वतःच्या मनाने नको. ती रचना म्हणजे वर्षभर उमेदवारी करून मिळवलेलं सदस्यत्व, असा अर्थ जगभर लावला जातो. खाली प्रांताचं नाव घालणं म्हणजे तर 'हा इलाका आमचा' अशी घोषणा. हौसेने शिवलेला असा कट, म्हणजे पॅचवालं बिनबाह्यांचं जॅकेट, परदेशात भर रस्त्यात उतरवून घेतात. एकसंध पॅच घ्या, छातीवर लावा.

'ओरिजिनल 1914' म्हणून आयर्न क्रॉस विकत मिळतोय. खरा कसा ओळखायचा?

1914 च्या दुसऱ्या श्रेणीच्या पदकावर समोर मुकुट, W आणि 1914 असतं. मागे ओकची पानं, FW आणि 1813. मग कडेने बघा: चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे भाग लोखंडाच्या गाभ्याभोवती जोडलेले असतात, त्यामुळे कडेवर सांध्याची बारीक रेघ दिसते. अख्खं पदक एकाच ओतकामात आलेलं असेल आणि काळा रंग वरून फासलेला असेल तर ती नक्कल. लोहचुंबक लावा, बहुतेक खरे गाभे चिकटतात. पण लोखंडी नकलाही निघाल्या आहेत, तेव्हा नुसत्या चुंबकावर पैसे मोजू नका. आणि विकणारा रिबन नवीकोरी, झगझगीत दाखवत असेल तर निदान भाव तरी पाडून घ्या.